मांडी म्हणजे नक्की कुठे?

आमच्या दवाखान्याच्या काचेच्या दारापासून माझ्या काउंटरपर्यंत चौदा पावलं होतात. धडधाकट माणसाची चौदा. पेशंटची अठरा, वीस, कधी पंचवीस. कुणी भिंतीला धरून येतं, कुणी बायकोला, आणि एखादे काका एका पायावर लंगडी घालत येऊन सांगतात, "मला काही झालेलं नाही, घरच्यांनी पाठवलं म्हणून आलो." बंगळूरच्या बनशंकरीतल्या त्या हाडांच्या दवाखान्यात तेवीस वर्षं मी ही पावलं बघत बसले. कागदोपत्री माझा हुद्दा रिसेप्शनिस्ट. खरं काम एकच: आलेल्या माणसाला बरोबर दारात पाठवणं.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई आधी मोठ्या डॉक्टरांकडेच लेख मागणार होत्या. डॉक्टरांना मराठीतला फक्त 'पुरणपोळी' हा शब्द येतो, असं मी सांगितल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. तेव्हा हा लेख दुसऱ्या पसंतीचा आहे, हे वाचकांनी समजून घ्यावं. माझं मराठीही जरा सांभाळून घ्यावं. आमचं घर तीन पिढ्या बंगळुरात आहे. आजोबांचं शिवाजीनगरला कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचं दुकान होतं. वडील त्याच मशीनवर कंबरदुखीचे पट्टे शिवून दवाखान्यांना देऊ लागले आणि त्या पट्ट्यांच्या मागोमाग मी नोकरीला लागले. घरात आम्ही बोलतो ते मराठीच, पण त्यात कन्नड इतकी मुरली आहे की कुठला शब्द कुणाचा, हे आम्हालाही आता सांगता येत नाही. उदाहरणार्थ, कन्नडमध्ये गुडघ्याला 'मंडी' म्हणतात, म्हणून आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुडघा दुखला की "मांडी दुखते" म्हणायची पद्धत. 'गुडघा' हा शब्द मला ठाऊक होता, पण तो मासिकांत छापायचा शब्द, असा माझा समज. मांडीला आम्ही 'तोडे' म्हणतो, तोही शब्द कन्नडच. हसायचं असेल तर आताच हसून घ्या, कारण पुढे 'मांडी' याच शब्दाने मला रडवलं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, हाडांचा डॉक्टर म्हणजे हाडांचा डॉक्टर, त्यात निवडायचं काय? आमच्याकडे तीन दारं होती. पहिल्या दारात मोठे डॉक्टर, दवाखान्याचे मालक. ते गुडघ्यांचे. दुसऱ्या दारात पाठ, मान, कंबर बघणारे डॉक्टर. तिसऱ्या दारात मंगळवारी आणि शनिवारी डॉ. अनुपमा बसायच्या. त्या खेळाडूंच्या डॉक्टर: खेळताना, पळताना, जिममध्ये वजनं उचलताना ज्यांनी स्वतःचं काही बिघडवून घेतलंय, ते सगळे त्यांचे. चुकीच्या दारात गेलेला पेशंट दोन तास बसतो, आत जातो, "हे माझ्याकडचं नाही" असं ऐकतो आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत लागते. म्हणून मी चिठ्ठी लिहायची. नाव, वय, काय दुखतंय, कधीपासून, कशाने. डॉक्टर आधी ती चिठ्ठी वाचतात आणि मग माणसाकडे बघतात.

आता ही चिठ्ठी पाच भाषांतून गोळा करायची म्हणजे काय गंमत असते, ते सांगते. सवयीने मी फोनवर "काय झालं?" असं विचारून जाते. कन्नडमध्ये 'कै' म्हणजे हात. पलीकडची अक्का वैतागून सांगते, "कै अल्ला, कालु!" म्हणजे हात नाही हो, पाय. इकडे एखाद्या पुण्याच्या बाई "काल फार दुखत होतं" म्हणाल्या की आमची कन्नड नर्स निमूटपणे 'पाय' असं लिहून मोकळी.

शिवाय 'स्वल्प' हा शब्द आहेच. स्वल्प म्हणजे थोडंसं. आमच्याकडे दुखणं कितीही असो, ते स्वल्पच असतं. पण तेवीस वर्षांनी मला त्याच्या पायऱ्या कळायला लागल्या. "स्वल्प नोवु" म्हणजे दुखतंय. "स्वल्प स्वल्प" म्हणजे दोन रात्री झोप नाही. आणि डोळे मिटून, टेबलाची कड धरून नुसतं "स्वल्प..." म्हणजे नंबर मोडून आत पाठवा.

गुडघेही दोन जातींचे असतात. बनशंकरीचा गुडघा जमिनीवर बसून पूजा करून आणि तीन मजले चढून झिजलेला असतो. तो आठवड्यातून कुठल्याही दिवशी येतो आणि सोबत सून असते. आयटीवाल्यांच्या सर्जापूर रोडचा गुडघा पाच दिवस खुर्चीत घडी घालून ठेवलेला असतो आणि सहाव्या दिवशी त्याला वीस किलोमीटर पळवलेलं असतं. तो सोमवारी येतो आणि सोबत लॅपटॉप असतो. असाच एक मुलगा एकदा स्वतःच्या आजाराची नेटवरून काढलेली अकरा पानं घेऊन आला होता. दारापासून सहाव्या पावलालाच मला कळलं की बूट चावतोय. मी म्हटलं, "बाबा, ती पानं ठेव आणि आधी बूट काढ." बूट धाकट्या भावाचे होते.

आणि एक बँकेतले साहेब होते. रविवारी मॅच खेळून सोमवारी उजवा खांदा धरून आले.

"बॉल टाकताना दुखावला का?" मी विचारलं.

"नाही. अपील करताना."

म्हणजे पंचांकडे हात उंचावून ओरडताना खांदा गेला.

"मग आऊट दिला का?"

"नाही ना!" ते म्हणाले, आणि मला दिसलं की खांद्यापेक्षा तेच जास्त दुखत होतं. चिठ्ठीवर 'कशाने' या रकान्यात मी 'अपील' असंच लिहिलं. डॉ. अनुपमांनी ती चिठ्ठी अजून ठेवली आहे म्हणे.

असं सगळं असल्याने मला स्वतःचा बराच अभिमान होता. चौदा पावलांत मी दुखणं ओळखते, असं मी नातेवाइकांत सांगत असे. लग्नाच्या पंगतीतून उठून जाणाऱ्यांची चाल बघून मी शेजारच्या बाईच्या कानात निदान सांगायचे. माझी चिठ्ठी चुकत नाही, असा माझा लौकिक होता, आणि तो पसरवण्यात माझाच वाटा मोठा होता.

अशात एका मंगळवारी सकाळी विमलताईंचा फोन आला. सुरुवात त्यांनी हिंदीत केली, पण वाक्याच्या शेवटी जो 'न' लावला त्यावरून मी ओळखलं आणि मराठीत उत्तर दिलं.

"बाप्पा! मराठी!" पलीकडून आवाज इतका वर गेला की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो बाई, दोन वर्षं झाली, घराबाहेर कोणी माझ्याशी मराठी बोललं नाही!"

मग दहा मिनिटं त्याच बोलत होत्या. नागपूरला शाळेत पीटीच्या बाई. यजमान गेल्यावर मुलाने, समीरने, सर्जापूर रोडच्या बाराव्या मजल्यावर आणलं. मुलगा आणि सून दिवसभर आपापल्या खोलीत कानाला यंत्रं लावून हिंदी-इंग्रजीत बोलतात. नात चिमी चार वर्षांची, तीही अर्धा दिवस शाळेत. एके दिवशी पहाटे खाली फिरायला गेल्या तर सात बायका पळत होत्या. एक बंगाली, दोन तमिळ, एक मल्याळी, बाकीच्या कुठल्या ते विमलताईंना अजून माहीत नव्हतं.

"मी मागून पळायला लागले. कोणी काही विचारलं नाही. पळताना बोलायचं काय असते?" त्या म्हणाल्या. "आता तीन आठवड्यांनी दहा किलोमीटरची शर्यत आहे. आम्ही आठही जणींनी नाव दिलं आहे. गुलाबी टी-शर्ट आले आहेत."

"मग दुखतंय काय?"

"मांडी दुखून राहिली न. उजवी. पळताना कळ येते, थांबलं की थांबते."

मी लिहिलं: वय चौसष्ट, उजवा गुडघा, पळताना. चौसष्ट आणि गुडघा म्हटल्यावर मला विचार करायची गरजच वाटली नाही. मोठे डॉक्टर, पहिलं दार, गुरुवार, अकरा वाजता.

घरच्या माणसाचा नंबर मागितला तर त्या अडल्या. मग एका अटीवर दिला. "समीरला फोन करायचा नाही. मी रोज पहाटे देवळात जाते असं त्याला सांगितलं आहे. पळते म्हणून कळलं तर बुटं लपवून ठेवील. या गावात माझं असं एवढंच आहे, बाई. ते जाऊ देऊ नका." मी शब्द दिला.

गुरुवारी त्या आल्या. उंच, सडसडीत, पायांत हिरवे बूट. डॉक्टरांना हिंदी जेमतेम, त्यांना कन्नड शून्य, म्हणून दुभाषी म्हणून मीही आत गेले.

"एल्लि नोवु?" डॉक्टरांनी विचारलं. कुठे दुखतंय?

"मांडीत," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी हात कमरेपासून खालपर्यंत असा फिरवला, जसा आपण कठडा पुसतो.

"मंडी, डॉक्टर," मी सांगितलं. "ओडुवाग." पळताना.

डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, फिरवला. चौसष्ट वर्षांचा गुडघा, तो थोडा करकरलाच. विमलताई म्हणाल्या, "तिथं नाही हो, वरती." मी सांगितलं, थोडं वर म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची कळ कधीकधी वर चढते. एक्स-रेत वयाप्रमाणे झीज दिसली. डॉक्टर समाधानी, मी समाधानी. व्यायाम लिहून दिले, गोळ्या दिल्या, दुखलं नाही तर हळूहळू पळायला हरकत नाही, असं सांगितलं. गोळ्या चांगल्या होत्या, त्यामुळे दुखलं नाही, आणि विमलताई पळत राहिल्या.

त्यानंतर दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा. गुडघ्याचं निमित्त, बाकी सगळं मराठी. वांग्याची भाजी, सुनेची कॉफी, नागपूरचं ऊन. मलाही त्याची सवय लागली. माझ्या बोलण्यातलं कन्नड 'सरी', म्हणजे 'बरं', त्यांनी उचललं आणि त्यांचा 'हाव', म्हणजे 'हो', मी उचलला. घरी मी एकदा "हाव" म्हटलं तर आमचे हे दचकून बघायला लागले.

शर्यत रविवारी होती. शनिवारी दुपारी मी डबा खात होते. काउंटरवर खायला बंदी, म्हणून डबा नेहमी खाली ठेवून खायची माझी पद्धत. तेवढ्यात फोन वाजला.

"सुमित्राताई, सोमवारची माझी वेळ कॅन्सल करा. उद्या पळते, आणि मग काय गरज? गुडघ्याला तर काही झालंच नव्हतं. डॉक्टर उगाच गुडघा गुडघा करून राहिले होते. मला वाटलं, इकडची पद्धत असंल."

मी हसले. "मग कळ गेली म्हणायची."

"पळताना गोळी घेते, म्हणून नाही येत. पण चिमीला मांडीवर घेता येत नाही न. ती बसली की अशी कळ जाते, पोरीला खाली उतरवावं लागते. रुसते मग ती."

"अहो, पण मांडीवर बसवताच कशाला? गुडघ्यावर का कुणी पोर बसवतं?"

"गुडघ्यावर कोण बसवते, बाई! मांडीवर म्हटलं न मी. तुमच्यात लेकरं कुठं बसवतात?"

मी खाली बघितलं. माझा डबा कुठे होता? मांडीवर. माझ्या आईने मला कुठे झोपवलं? मांडीवर. मी माझ्या मुलीला कुठे घेऊन भरवलं? आमच्या घरात गुडघ्याला मांडी म्हणत होते आणि पोरांना मांडीवर घेत होते, आणि ही दोन ठिकाणं वेगळी आहेत, हे आयुष्यात एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. हातातला घास तसाच राहिला.

"विमलताई, फोन ठेवू नका," मी म्हटलं, आणि तिसऱ्या दाराकडे धावले. चौदा पावलं मोजणारी बाई त्या दिवशी किती पावलांत पोचली, कोण जाणे.

डॉ. अनुपमांना मी सगळं सांगितलं. मंडी, मांडी, चिठ्ठी, चिमी. आधी त्यांना हसू आलं, मग 'चिमी बसली की कळ येते' हे ऐकल्यावर चेहरा बदलला. त्यांनी एवढंच समजावलं: रोज पळून पळून मांडीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. बाहेरून काही दिसत नाही. गोळ्यांनी कळ दबते, तडा दबत नाही. "उद्या त्या दहा किलोमीटर पळाल्या तर ते हाड मधोमध मोडू शकतं, सुमित्राक्का. या वयात मोडलं तर पळणं सोडा, पुन्हा नीट चालतील की नाही, सांगता येत नाही. त्यांना आत्ता इथे आणा."

मी परत फोन घेतला आणि विमलताईंना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग चिडल्या.

"तीन आठवडे पळा म्हणून सांगितलं, आणि आज नका म्हणता? आठ जणी आहोत आम्ही. मी नाही गेले तर त्यांना फोन करून सांगू तरी कोणत्या भाषेत?"

"विमलताई, चूक माझी आहे. शब्द मी चुकीचा..."

फोन बंद. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तर स्विच ऑफ.

समोर कागदावर समीरचा नंबर होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. त्या बाईंनी या गावात एकच गोष्ट मागितली होती आणि मी शब्द दिला होता. फोन केला तर पळणं जाणार, न केला तर पाय. हिशेब सोपा आहे असं तुम्ही म्हणाल. तिथे बसल्यावर सोपा नव्हता. मी नंबर फिरवला.

"आई?" समीर म्हणाला. "पळते? नाही हो, तुमची काहीतरी गल्लत होतेय. माझी आई रोज देवळात जाते."

"तुमच्या आईंचे देवळात जायचे बूट कधी बघितलेत का? हिरवे आहेत."

पलीकडे खुर्ची सरकली. मग पावलांचा आवाज, कपाटाचं दार. "निघतो," तो म्हणाला.

सर्जापूर रोडहून बनशंकरीला शनिवारी यायचं म्हणजे काय, ते बंगळूरकरांना सांगायला नको. डॉ. अनुपमा पाचला निघतात. सहाला त्या पर्स काखेत धरून माझ्या काउंटरशी उभ्या होत्या. सव्वासहाला काचेचं दार उघडलं. मुलाने हात पुढे केला, तो विमलताईंनी झटकला, आणि त्या एकट्या माझ्याकडे चालत आल्या.

मी बघितलं. गुडघा दुखणारा माणूस गुडघा ताठ ठेवतो. त्यांचा गुडघा मोकळा वाकत होता. उजव्या पायावर भार यायच्या आतच त्या तो उचलत होत्या आणि हात मांडीशी जाऊन परत येत होता. चौथ्या पावलाला मला कळलं. पहिल्या गुरुवारी याच बाई, याच चौदा पावलांतून, अशाच चालत आल्या असणार. मी बघितलंच नव्हतं. चिठ्ठी आधीच लिहून तयार होती ना.

आत डॉ. अनुपमांनी त्यांना टेबलाच्या कडेला बसवलं, मांडीखाली आपला हात आडवा घातला आणि दुसऱ्या हाताने गुडघा हलकेच खाली दाबला. विमलताई ओरडल्या.

"नातीचं वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं. मी मराठीत विचारलं, आणि या वेळी प्रत्येक शब्द दोनदा तपासून.

"सोळा किलो."

"हीच तपासणी ती घरी रोज करत होती," डॉ. अनुपमा म्हणाल्या. "फी मात्र मी घेणार."

कुणी हसलं नाही. एमआरआयमध्ये तडा दिसला, केसाएवढा. हाडात रॉड घालावा लागला नाही, पण तीन महिने कुबड्या आणि त्यानंतरही पळणं नाही. विमलताईंनी निकाल ऐकला, माझ्याकडे वळून बघितलं आणि हिंदीत विचारलं, "अगला अपॉइंटमेंट कब का है?"

सोमवारी मी मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. तेवीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला सात महिने, आणि आता बोलणी खायची, अशी मनाची तयारी होती. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "तू लिहिलंस, ते मी वाचलं," ते कन्नडमध्ये म्हणाले. "मी पाय वाचायला हवा होता." मग नव्या चिठ्ठ्या छापून आणल्या. त्यावर माणसाचं चित्र, पुढून आणि मागून. विचारायचं नाही, फक्त सांगायचं: बोट ठेवा. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी चित्र निरखून सांगितलं, "हा मी नव्हे, मी एवढा बारीक नाही." एक बाई आल्या, त्यांनी चित्रावर अख्खा तळहात ठेवला. पण एकूण बोट चुकत नाही. मराठी, कन्नड, बंगाली, सगळ्यांचं बोट एकाच भाषेत बोलतं.

विमलताई दर तीन आठवड्यांनी यायच्या. कुबड्या टेकत, मुलाबरोबर, आणि माझ्याशी हिंदीत बोलायच्या. "नंबर आया क्या?" "पानी कहाँ है?" मी मराठीत उत्तर द्यायचे, त्या हिंदीत पुढे जायच्या. इतकी शुद्ध शिक्षा मला कुणी दिली नव्हती. दोन दिवसांनी येणारा फोन थांबला. दुपारी डबा मांडीवर घेतला की हटकून आठवण यायची, आणि डबा तर रोजच मांडीवर घ्यायचा असतो.

समीरकडून बातमी मात्र कळायची. त्या रविवारी शर्यत संपवून सातही जणी गुलाबी टी-शर्टांत घामाघूम बाराव्या मजल्यावर आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. तासभर बसल्या. काय बोलल्या हे त्याला कळलं नाही, पण आईने सगळ्यांना पोहे केले, उभं राहायला मनाई असताना. तेव्हापासून पहाटे तो आईला व्हीलचेअरवरून खाली नेतो आणि ती बाकावर बसून घड्याळ लावते. त्या पळतात आणि ही ओरडते. पीटीच्या बाईच त्या. कोणती भाषा म्हणाल, तर शिट्टी.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या शनिवारी त्या शेवटच्या तपासणीला आल्या. कुबड्या नव्हत्या. एका हाताला चिमी. मी पावलं मोजली. चौदा.

नियम तो नियम. मी नवी चिठ्ठी पुढे सरकवली. "बोट ठेवा."

विमलताईंनी बोट ठेवलं नाही. समोरच्या खुर्चीत बसल्या आणि तोंड फिरवलं. चिमीला मात्र चित्र आवडलं. ती टाचा उंचावून बघत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून चित्रातल्या गुडघ्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, "हे काय गं?"

"मंडी," ती लगेच म्हणाली. शाळेतली कन्नड.

पेन मी थोडं वर सरकवलं. "आणि हे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं इतक्या म्हाताऱ्या बाईला एवढंही येत नाही. मग वळली, आजीच्या खुर्चीपाशी गेली, आणि चढून बसली. उजव्या बाजूला.

मी पेन खाली ठेवलं आणि विमलताईंचा चेहरा बघत राहिले. ओठ, कपाळ, डोळे. कुठे काही हललं नाही. चिमीने पाय हलवले, आपलं सगळं वजन टाकून मागे रेलली, तरी काही नाही. माझ्याच डोळ्यांना धार लागली.

"काय पाहून राहिली गं अशी?" विमलताई म्हणाल्या. सात महिन्यांनी मराठी, आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं. "लिही न. मांडी, उजवी. दुखत नाही म्हणून लिही."